किल्ली कुणाकडे?

मागच्या अंकात नेमबाजीच्या रेंजवरच्या दिवसांबद्दल लिहिताना एक वाक्य सहज टाकलं होतं : 'घरातलं रिव्हॉल्व्हर केव्हाच देऊन टाकलं, एअर पिस्तूल मात्र अजून आहे.' लेख होता श्वासावर आणि नेमावर, पण पत्रं आली ती या एका वाक्यावर. का दिलं, एक दिलं तर दुसरं, हवेच्या दाबाने छर्रा मारणारं, का ठेवलं, आम्ही घ्यावं की नाही. सव्वीस वर्षं मुलांना पिस्तूल धरायला शिकवलं, त्यामुळे मला उत्तर माहीत असणार असा लोकांचा समज दिसतो. उत्तर माझ्यापुरतं आहे. सहा पत्रं निवडली आहेत. नावं छापत नाही.

*

ताई, नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतो. घरात मी, सासूबाई आणि बारा वर्षांची मुलगी. गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता कुणीतरी मागच्या दाराची कडी हलवून गेलं. तेव्हापासून झोप नाही. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज करावा म्हणते. सासूबाई म्हणतात, घरात हत्यार म्हणजे घरात साप. तुम्ही काय म्हणाल?

आधी एक सांगते, तुमची भीती खोटी नाही. मीसुद्धा रिव्हॉल्व्हर घेतलं ते याच कारणाने. आमच्याकडे खिडकीचा एक गज कापलेला सापडला होता. सकाळच्या उजेडात तो कापलेला गज पाहिला आणि पोटात जो गोळा आला, तो रेंजवर कधी आला नव्हता. अर्ज केला, परवाना मिळाला, .३२ बोअरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घरात आलं. पहिला आठवडा मी गाढ झोपले, हेही कबूल करते.

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे. रेंजवर मी पोरांना घोकून घेत असे : हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. घरी दोन मुलं, म्हणून तेच केलं. भिंतीला बोल्ट मारलेल्या लोखंडी पेटीत रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात काडतुसं. आणि एका रविवारी, मुलं आजीकडे गेलेली असताना, मी ते स्टॉपवॉच बाहेर काढलं ज्यावर मुलांची रॅपिड फायर, म्हणजे झटपट गोळ्या झाडण्याची वेळ, मोजत असे. सरावाची, दारू नसलेली काडतुसं ठेवली. दिवे बंद. मी अंथरुणात, डोळे मिटून. स्वयंपाकघरातून नवऱ्याने टाळी वाजवली की उठायचं.

चष्मा, किल्ली, पेटी, मधला पॅसेज, दुसरं कुलूप, एकेक करून सहा काडतुसं. एक मिनिट बावन्न सेकंद. दुसऱ्या खेपेला एक मिनिट चाळीस, पण एक काडतूस हातातून निसटून पलंगाखाली घरंगळलं. तिसऱ्या खेपेला चष्मा वगळला, तर किल्ली कुलपात जाईना. आणि हे सगळं कुणी आलेलं नसताना, नवरा स्वयंपाकघरात हसत असताना. मग एकदा भरलेलं रिव्हॉल्व्हर उशालगतच्या खणात ठेवून पाहिलं. नऊ सेकंद.

आता तुम्हीच बघा. एक मिनिट चाळीस सेकंदांत चोर एकतर पळालेला असतो, नाहीतर तुमच्यासमोर उभा असतो. आणि नऊ सेकंदांच्या सोयीत तुमची मुलगी आणि ते हत्यार यांच्यामध्ये एक लाकडी खण, बस. मी दोन वर्षं या दोन आकड्यांच्या मधे काही सापडतं का ते शोधत होते. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पेट्या मिळतात, त्यांनी सेकंद कमी होतात हे खरं. पण ती पेटी ज्याच्या बोटाने उघडते, त्याची रात्र कशी चालली आहे हे तिला कळत नाही.

इथे मला नवऱ्याबद्दल लिहायचं आहे. त्यांनी हा मजकूर वाचला आहे आणि एक शब्द बदलून दिला आहे. कुठला, ते सांगणार नाही.

त्यांची नोकरी गेली तेव्हा वय बावन्न. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. पेपर वाचत, बाजारात जात, मुलांचे अभ्यास घेत. फक्त रात्री दोन-अडीचला उठून पॅसेजमध्ये उभे राहत. असे चार महिने गेले. एका सकाळी मी डबे भरत होते आणि ते बेसिनपाशी दाढी करत होते. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस तसाच. आरशातच बघत म्हणाले, "पेटीची किल्ली तू घे. आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

मी झाकण लावत होते त्या डब्याचं झाकण काही केल्या बसेना. एवढंच आठवतं. दुपारपर्यंत रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली, संध्याकाळी डॉक्टरांची वेळ. पुढचं सगळं चांगलं झालं, पण त्याला दीड वर्ष लागलं. गज कापणारा माणूस परत कधी आला नाही. ज्या माणसापासून त्या हत्याराला दूर ठेवायचं होतं तो आमच्याच घरात राहत होता, आणि त्याला ते माझ्याआधी कळलं.

हे एका घरापुरतं नाही, म्हणून आकडे देते. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट निघालं, बायकांत पस्तीसपट. दोन वर्षांनी त्याच राज्यात दुसरा अभ्यास झाला, स्वतःकडे हत्यार नाही पण घरातल्या दुसऱ्याकडे आहे अशा माणसांचा. घरातल्या जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे सातपट, आणि त्या बळींमध्ये बहुतेक बायका. कारण काय आणि परिणाम काय यावर वाद घालता येतो, लोक घालतातही. मला स्वतःला मात्र आणखी एक आकडा पटतो, कारण तो मी जवळून पाहिला आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वयाच्या १५३ जणांना विचारलं होतं की मनात ठरल्यापासून किती वेळाने हे केलंत. जवळजवळ चौथा हिस्सा म्हणाला, पाच मिनिटांच्या आत. अशा पाच मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत. पण बंदुकीच्या बाबतीत वाचणाराच विरळा.

इस्राएलच्या सैन्याने २००६ साली जवानांना आठवडाअखेरच्या सुटीवर घरी जाताना रायफल छावणीतच ठेवायला लावली. जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी उतरल्या. मुलं तीच, घरं तीच, दुःखंही तीच असणार.

तेव्हा ताई, माझं मत विचारलंत तर सध्या नको. मागच्या दाराला आतून आडणा बसवून घ्या, बाहेर हालचालीने पेटणारा दिवा लावा, रात्री दीडलाही फोन उचलेल असा एक शेजारी पक्का करा. झोपायच्या खोलीचं दार आतून भक्कम बंद होतं का तेही बघा, कारण अशा वेळी तिघींनी एका खोलीत असणं आणि फोन हातात असणं हे माझ्या एक मिनिट चाळीस सेकंदांपेक्षा बरं. तरीही घ्यायचंच ठरलं, तर आधी सहा महिने रेंजवर जा, आणि मग तुमचं तुम्ही स्टॉपवॉच लावा.

सासूबाईंना नमस्कार. फक्त साप बिचारा वाट सापडली की आपण होऊन निघून जातो.

*

वडील जाऊन चार महिने झाले. त्यांची बारा बोअरची दुनळी आहे. दर पंधरवड्याला वर्तमानपत्र पसरून ते ती साफ करत, मी शेजारी बसून चिंध्या कापून देई. धाकटा भाऊ म्हणतो विकू, बायको म्हणते उद्याच्या उद्या घराबाहेर काढ. मला शिकारीत रस नाही, संरक्षणाचीही गरज नाही. पण ती गेली की वडील दुसऱ्यांदा जातील असं वाटतं. हे कारण पुरेसं आहे का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, चिंध्यांपाशी थांबून.

कामाचं आधी. चार महिने झाले म्हणता, म्हणजे वेळ निघून चालली आहे. परवाना सहसा माणसाचा असतो, वस्तूचा नसतो. माणूस गेला की तो घरच्यांकडे आपोआप येत नाही. तुमच्याकडचा नियम काय, किती दिवसांत कळवायचं, हे पोलिसांना किंवा परवाना देणाऱ्या कार्यालयाला लगेच विचारा. तोपर्यंत ती कुणी उगाच हातात घेऊ नये. 'बाबांनी रिकामीच ठेवली होती' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. जाणकाराला बोलवा, तो नळ्या बिजागरीवर उघडून आत काडतूस नाही ना ते बघेल. खणात जुनी काडतुसं सापडली तर ती कचऱ्यात टाकायची नाहीत आणि 'उडतात का बघू' असं म्हणायचं तर अजिबात नाही. पुठ्ठ्याच्या खोळीची असतील तर ओल लागून फुगलेलीही असतील. तीही जाणकाराकडेच द्या.

आता तुमचा प्रश्न. आठवण हे कारण मला संरक्षणापेक्षा प्रामाणिक वाटतं, कारण त्यात स्वतःची फसवणूक कमी आहे. पण आठवणीला बंदूक उडण्याची गरज नसते. अनेक ठिकाणी हत्यार अधिकृतपणे कायमचं निकामी करून घेता येतं. नळी, घोडे, नक्षी, दस्त्यावर वडिलांच्या गालाने पडलेला तेलकट डाग, सगळं तसंच राहतं, फक्त गोळी सुटत नाही. जाणकार म्हणतील, हा चांगल्या बंदुकीचा खून आहे. म्हणू देत.

आणि तेही नको असेल तर बंदूक रीतसर जमा करा आणि साफ करायचा गज ठेवून घ्या. तो तीन तुकड्यांत उलगडणारा लाकडी गज, टोकाचा पितळी ब्रश, तेलाची बाटली. तुम्ही वडिलांबरोबर बसत होतात ते याच सामानाशेजारी. बंदूक दोन तास चालणाऱ्या त्या कामाचं निमित्त होती, असं तुमच्या पत्रावरूनच वाटतं.

(जाता जाता : 'बारा बोअर' म्हणजे काय हे वडिलांनी सांगितलं असेलच. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास, तो नळीचा व्यास, साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. पोरांना हे सांगितलं की ती कागद-पेन्सिल घेऊन बसत.)

*

मुलगा नऊ वर्षांचा. ज्या मित्राकडे खेळायला जातो त्याच्या वडिलांकडे पिस्तूल आहे असं कळलं. विचारायला संकोच वाटतो. मुलाला 'हात लावायचा नाही' असं बजावलं तर पुरे ना?

पुरे नाही. २००१ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांचे ६४ मुलगे, दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत सोडले, एका खणात खरं पण गोळी नसलेलं पिस्तूल ठेवलं आणि एकतर्फी काचेतून पाहिलं. ४८ मुलांना ते सापडलं. ३० जणांनी हातात घेतलं. १६ जणांनी चाप ओढला. ज्यांनी हातात घेतलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीबाबत काही ना काही बजावलेलं, शिकवलेलं होतं. सापडलेल्यांतल्या जवळपास निम्म्यांना ते खेळणं आहे की खरं, हेच कळेना.

संकोच सोडा. "तुमच्याकडे कुत्रा आहे का, याला भीती वाटते" हे आपण विचारतोच ना? त्याच सुरात विचारा : "पिस्तूल कुलपात असतं का, आणि गोळ्या वेगळ्या?" जबाबदार माणूस दोन वाक्यांत उत्तर देतो, बहुधा पेटी दाखवतोही. ज्याला राग येईल, त्याच्या मुलाला तुमच्या घरी खेळायला बोलवा.

*

वय तेवीस. माझ्या दोन मित्रांकडे आहे. कमरेला असलं की लोक नीट बोलतात, हे मी स्वतः पाहिलंय. यात चूक काय?

लोक मित्राशी नाही, त्याच्या कमरेशी नीट बोलतात. आणि तू पाहिलं नाहीस ते मी सांगते. जो खरोखर शिकलेला आहे त्याला हत्यार अंगावर असताना दारू बंद, प्रवासात डुलकी बंद, कुणी आईवरून शिवी दिली तरी मान खाली घालून निघून जाणं सक्तीचं. भांडण वाढवायची मुभा निःशस्त्र माणसाला असते, त्याला नसते. तुझ्या मित्रांना हे जमतं का बघ. जमत नसेल तर त्यांच्या बाजूला उभा राहू नकोस, नळीचं तोंड कुठे वळेल सांगता येत नाही.

हात शिवशिवत असतील तर रेंजवर ये. एअर पिस्तूलच्या पुठ्ठ्यावर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, आणि ते दहा मीटरवर असतं. तिथे कुणी तुझ्या कमरेकडे बघत नाही.

*

शेत जंगलाला लागून आहे. रानडुकरं एका रात्रीत पीक उलथून जातात. परवाना आहे, बंदूक आहे. तुमचा लेख वाचून बायको म्हणते विकून टाका.

वहिनींना सांगा, माझा लेख त्यासाठी नव्हता. कुदळीसारखं ज्याला काम आहे ते हत्यार वेगळं. ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला २८ एप्रिल १९९६ रोजी एका माणसाने ३५ जणांना मारलं. त्यानंतर तिथे जो देशव्यापी करार झाला त्यात परवान्यासाठी खरं कारण दाखवावं लागतं. शेती चालते, खेळ चालतो, शिकार चालते. स्वसंरक्षण चालत नाही. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने विकत घेऊन वितळवल्या, पण शेतकऱ्याला जी लागते ती ठेवता आली.

तुम्हाला दोनच गोष्टी विचारते. डुकराच्या मागे काय आहे? साधी .२२ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाते. रात्री आवाजाच्या रोखाने झाडलेली गोळी म्हणजे शेजारच्या राखणदाराच्या नावाने टाकलेली चिठ्ठी. उजेड नसेल, जनावर पूर्ण दिसत नसेल, मागे मातीचा बांध नसेल, तर हवेतही नको, फटाका वाजवा. आणि अर्थात कुठलं जनावर मारायला परवानगी आहे, तेही बघूनच. दुसरं, कानात बोळे घालता का? बंदुकीच्या एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. माझा उजवा कान तुम्हाला साक्ष देईल. फोन मी डाव्यानेच घेते.

*

सव्वीस वर्षं स्वतः गोळ्या झाडल्यात आणि आता आम्हाला उपदेश? कुणाचं कारण योग्य, कुणाचं अयोग्य हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? आणि मग एअर पिस्तूल तरी का ठेवलंत?

रागावलात ते बरं केलंत, बाकीची पत्रं फार गोड होती.

ठरवणारी मी कुणी नाही. पण कारणं बदलतात एवढं माझ्या लक्षात आलं आहे, आणि आपल्याला न विचारता बदलतात. अमेरिकेत १९९९ साली बंदूकधारकांना मुख्य कारण विचारलं तर ४९ टक्के म्हणाले शिकार, २६ टक्के म्हणाले संरक्षण. २०१३ मध्ये शिकार ३२ वर आली, संरक्षण ४८ वर गेलं. माझंही तसंच झालं. आधी खेळ होता, मग खिडकीचा गज कापला गेला, मग सवय झाली. शेवटच्या वर्षी कुणी विचारलं असतं तर 'आहे म्हणून आहे' याखेरीज मला काही सांगता आलं नसतं. त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते वर लिहिलंच आहे.

एअर पिस्तूल का ठेवलं? निरुपद्रवी आहे म्हणून, असं मी म्हणणार नाही. साडेचार मिलिमीटरचा छर्रा डोळा घेऊ शकतो, म्हणून तेही कुलपातच असतं. ठेवलं, कारण ते मला आवडतं. चाप पाचशे ग्रॅमवर सुटतो. सुटण्याआधीचा जो अर्धा क्षण असतो, जेव्हा श्वास अर्धा बाहेर गेलेला असतो आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी काळ्या गोलाखाली स्थिर टेकलेली असते, तसा निवांतपणा मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही. देवपूजेतही नाही, हे छापायचं तर छापा. रिव्हॉल्व्हर हातात असताना असं एकदाही वाटलं नाही. ते घेऊन मी कायम कुणाची तरी वाट बघत असे.

परवा सात महिन्यांनी पेटी उघडली. जुन्या रेंजवर जाऊन दहा छर्रे मारले. नऊ काळ्यात, त्यातले दोन दहात. दहावा पुठ्ठ्याच्या बाहेर, शेजारच्या लेनमधल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या पुठ्ठ्यावर. ती म्हणाली, "आजी, हा माझ्यात धरू का?" खांदा अजून दुखतोय.